माधवचा डॉन फेलिसियानो

त्या मंगळवारी सकाळी मी टायरच्या दुकानात बसलो होतो. आमच्या चँडलरमध्ये, अमेरिकेतल्या या वाळवंटी गावात, जुलै महिन्यात टायर फुटायला वेगळं कारण लागत नाही, रस्ताच इतका तापलेला असतो. फोन वाजला आणि स्क्रीनवर रीनाचं नाव दिसलं. रीना म्हणजे माधवची मुलगी. ती विमानानं तीन तासांवर, बेलव्ह्यूला असते आणि मला कधीच फोन करत नाही, मेसेज करते.  "विलास काका, आर यू सिटिंग डाउन?" असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं, आणि ती म्हणाली, "डॅड इज गॉन, काका." सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला तो बाहेर आला होता. डबा नीट कडेला लावला, झाकण दाबून बसवलं, आणि परत दारापर्यंत पोचलाच नाही. शेजारच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. हे ऐकल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "किती वाजता?" असं मी विचारलं. जणू काही वेळ नक्की कळली की पुढचं काहीतरी दुरुस्त करता येणार होतं... साडेसहाच्या सुमारास, असं रीना म्हणाली. मी "ओके" म्हटलं. तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी माझं नाव पुकारलं, आणि मी नेहमीच्या सवयीनं पावती ओळ न् ओळ वाचून सही केली.

त्याच्या तीनच दिवस आधी, शनिवारी, आम्ही भेटलो होतो. गेली कित्येक वर्षं आमचा शनिवार ठरलेला होता. उन्हाळ्यात पहाटे, हिवाळ्यात जरा आरामात, कालव्याच्या कडेनं चालायचं आणि मग माधवच्या घरी चहा. त्या शनिवारी उठताना तो म्हणाला, "विलास, वेळ आहे का रे थोडा तुला?" इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची मीटिंग होती आणि मी हॉलच्या बुकिंगचे कागद घेऊन जाणार होतो. "आज नको यार, पुढच्या शनिवारी बसू," असं म्हणून मी बूट घातले. तो दारापर्यंत आला. "चालेल, चालेल," म्हणाला. या गोष्टीला आता सात आठवडे झाले आणि त्या हॉलचं बुकिंग शेवटी कॅन्सलच झालं.

माधव पेंडुरकर मूळचा मालवणकडचा. त्याच्या आजोळी काथ्याचा धंदा होता. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, खाडीच्या पाण्यात कुजत घालायची, महिन्यांनी काढून बडवायची, आणि मग बायकांनी बसून दोऱ्या वळायच्या. तो वास त्याच्या नाकातून कधी गेला नाही असं तो म्हणायचा. पुढे शिकायला अमेरिकेत आला आणि चिप बनवणाऱ्या कारखान्यात लागला. तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून आत जावं लागतं आणि कसलाच वास येत नाही. मी त्याच कंपनीत, पण डिझाइनच्या बाजूला. माझं काम व्हेरिफिकेशनचं, म्हणजे दुसऱ्यांनी आखलेल्या चिपमधल्या चुका ती कारखान्यात जाण्याआधी शोधायच्या. लोक माझ्या टेबलाशी यायला कचरायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं बरं वाटायचं. एका गाडीतून कामाला जाता-जाता आमची ओळख झाली. मी नागपूरचा, त्यामुळे गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोलणार. माधव ऐकणार. मीटिंगमध्येही तो असाच. त्याच्या प्रोसेसमधली अडचण त्याला सगळ्यांच्या आधी कळायची, पण ती तो मीटिंगनंतर ईमेल करून कळवायचा, आणि पुढच्या मीटिंगमध्ये तीच गोष्ट दुसरा कुणी मोठ्यानं सांगून शाबासकी घ्यायचा. मी चिडायचो. "अरे, तोंड उघड ना तिथल्या तिथे!" तर म्हणायचा, "लिहून दिलंय ना मी. रेकॉर्डवर आहे."

त्याच्या घरात बोलण्याचं खातं लूर्देसवहिनींकडे होतं. त्या फिलिपिनो, इथल्या इस्पितळात नर्स. आमच्या मंडळातल्या बायकांनी सुरुवातीला नाकं मुरडली, पण त्यांनी दोन वर्षांत सगळ्यांना खिशात घातलं. त्यांचं चिंचेचं आंबट सार पिऊन माझी बायको सुनंदा म्हणाली होती, "हे तर आमच्या आजीचं कढण आहे." या वहिनींचे आजोबा म्हणजे डॉन फेलिसियानो. 'डॉन' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'. वहिनी त्यांना 'लोलो' म्हणायच्या, तिकडे आजोबांना तसंच म्हणतात. आपल्याकडे हा इतिहास फारसा कुणाला ठाऊक नसतो म्हणून सांगतो. इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं त्याच काळात फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य होतं. तिथले दोन प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, बसत. त्यांना खुर्ची होती, बोलायचा अधिकार होता, मत द्यायचा अधिकार मात्र नव्हता. डॉन फेलिसियानो हे त्यांच्यापैकी एक. मूळचे दोरखंडाचे व्यापारी. अमेरिकेच्या आधीच्या स्पॅनिश राजवटीत एका गोदामातल्या कारकुनापासून सुरुवात केलेले, अबाका नावाच्या केळीसारख्या झाडाच्या धाग्याचे दोर वळून ते जहाजांना विकायचे. अमेरिकन आले तेव्हा त्यांच्या आरमारालाही दोर लागत होतेच. वहिनी ही गोष्ट सांगायला लागल्या की माधव हातातलं काम सोडून ऐकायचा. शंभरदा ऐकलेली असली तरी. मला वाटतं दोर हा शब्द आला की त्याला घरच्यासारखं वाटायचं.

आणि मग गोष्टीचा तो भाग यायचा. वहिनींच्या माहेरी तो जवळजवळ पोथीसारखा सांगितला जाई. वॉशिंग्टनला पोचल्यावर डॉन फेलिसियानो वर्षभर गप्प बसले, कारण त्यांचं इंग्रजी कच्चं होतं. मग एके दिवशी ते उठले. पहिली पाच मिनिटं अडखळले. कुणीतरी हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, बोला, बोला! आणि पुढे तासभर ते बोलले. आमच्या बेटांचा कारभार आमच्या हाती द्या, तुम्ही आमच्याकडून दोर विकत घेता पण आमच्याच हातापायांना बांधून ठेवता, असं त्या सभेला तोंडावर सांगितलं. वहिनींच्या आईनं त्या भाषणाचं छापील पान जपून ठेवलं होतं. त्यात तीन ठिकाणी कंसात 'टाळ्या' असं छापलेलं होतं. वहिनी ते पान मला दाखवताना त्या तीन जागांवर बोट ठेवायच्या.

साडेचार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. कॅन्सर. शेवटच्या दिवसांत त्यांनी माधवला सांगितलं, "लोलोचं कुणीतरी लिहून ठेवायला हवं. रीनाला काहीच माहीत नाही." मी तेव्हा नागपूरला होतो, आईच्या आजारपणात अडकलेला. परत आलो तेव्हा माधवनं लिहायला सुरुवातही केली होती. पिवळे, रेघांचे मोठे पॅड आणले होते आणि पेन्सिलनं, पस्तीस वर्षांनी, देवनागरीत लिहीत होता. मी म्हटलं, "अरे, मराठीत? रीनाला मराठी वाचता येत नाही. तिच्या मनिलातल्या मावश्यांना येत नाही. कोण वाचणार हे?" तर म्हणाला, "इंग्रजीत मला फक्त रिपोर्ट लिहिता येतात रे. लूर्देस त्यात येत नाही." आता हे पुस्तक वहिनींबद्दल नव्हतं, त्यांच्या आजोबांबद्दल होतं, पण ही चूक मी दाखवली नाही. एकदा मंडळाच्या साहित्य कट्ट्यावर त्यानं एक प्रकरण वाचलं, म्हणजे मी वाचलं आणि तो शेजारी बसला. वाचन झाल्यावर एकानं प्रेमानं सुचवलं, "पेंडुरकर, छान आहे हो, पण आपल्या एखाद्या माणसावर का नाही लिहीत?" माधव नुसता हसला. घरी येताना गाडीत म्हणाला, "आपला म्हणजे कोण, हे विचारायला हवं होतं ना?" मी म्हटलं, "मग विचारायचं होतंस." 

दर शनिवारी चहानंतर तो आठवड्याची पानं माझ्याकडे द्यायचा आणि मी ती तपासून पुढच्या शनिवारी परत आणायचो. निवृत्त झाल्यावर मला पुन्हा काम मिळालं होतं. मी जे सापडेल ते काढलं. एकाच बोटीचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलंय. या वर्षी त्यांचं वय इतकं असेल तर लग्न त्या वर्षी कसं. दोराचं वजन सांगताना एकक चुकलंय. माधव प्रत्येक चूक मान डोलावून मान्य करायचा, कधी-कधी खूश व्हायचा. आणि लिहायचा सुंदर. हे त्याला मी कधी सांगितलं नाही, कारण सांगायची गरज आहे असं मला वाटलं नाही. अबाकाची पात सोलून ती सुरीखालून ओढतात तेव्हा माणसाचा सगळा देह मागे झुकतो, त्या झुकण्याचं वर्णन त्यानं केलं होतं आणि त्यात त्याच्या आजोळच्या, खाडीत कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या बायका होत्या. डॉन फेलिसियानो वॉशिंग्टनच्या भाड्याच्या खोलीत हिवाळ्यात एकटेच बसून आरशासमोर इंग्रजी वाक्यं घोकतात, असं एक पान होतं. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला होता. समासात मात्र मी एवढंच लिहिलं, 'आरसा होता याला आधार काय?'

भाषणाचं प्रकरण त्यानं सगळ्यात शेवटी लिहिलं. चार महिने लिहीत होता. बावीस पानं. मला ती वाचायला देताना म्हणाला, "हे जरा सांभाळून बघ हं. हे तिचं आहे." मी सांभाळून बघितलं, म्हणजे माझ्या पद्धतीनं. इथून अर्ध्या तासावर विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय आहे आणि काँग्रेसच्या कामकाजाचे जुने खंड तिथे बघायला मिळतात. भाषणाचं छापील पान आमच्याकडे होतंच, मला फक्त त्या दिवसाचं बाकीचं कामकाज बघायचं होतं, आधी कोण बोललं, मागून 'बोला, बोला' म्हणणारा कोण असेल, एवढंच. काँग्रेसमध्ये एक सभ्य पद्धत आहे, आजही आहे. सभासदाला भाषण करायचं नसेल किंवा वेळ मिळाला नसेल तर तो परवानगी घेऊन लेखी भाषण दप्तरात घालू शकतो. मग ते छापून येतं, आणि शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला ते केलेल्या भाषणासारखंच दिसतं. त्या दिवशी सभागृहानं बंदराचं आणि टपालाचं काही कामकाज केलं आणि लवकर उठलं. मध्ये एका दुसऱ्याच सभासदानं उठून सांगितलं की फिलिपिन्सच्या प्रतिनिधींना आपलं म्हणणं लेखी द्यायचं आहे, परवानगी असावी. परवानगी मिळाली. एवढीच नोंद. भाषण मागे पुरवणीत. न झालेल्या भाषणात टाळ्या कशा, म्हणून मी आणखी दोन दिवस खपलो, तर त्याही लिहून देता येत होत्या असं दिसलं. मी त्या ग्रंथालयात खुर्चीत मागे टेकून बसलो आणि मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला आनंद झाला. इतकी जुनी, इतकी खोल दडलेली चूक मी बाहेर काढली होती.

शनिवारी माधव पोहे करत होता. वर ओलं खोबरं घालायचा, मालवणी हात. मी टेबलावर कागद पसरले आणि म्हणालो, "माधव, तो बोललाच नाही."

"कोण?"

"तुझा डॉन. हे बघ. भाषण झालंच नाही. लेखी दिलंय."

त्यानं हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि उभ्यानंच वाचलं. खूप वेळ. मग विचारलं, "आणि टाळ्या?"

"त्याही लिहून दिलेल्या."

त्यानं जाऊन गॅस बंद केला. "बरं झालं सांगितलंस," म्हणाला. "छापल्यावर कळलं असतं तर हसं झालं असतं." आणि पोहे वाढले. मी दोन बशा खाल्ल्या. कुठल्या खंडात काय सापडलं, ग्रंथालयातल्या बाई किती मदत करत होत्या, हे सगळं त्याला सांगत बसलो. त्यानं पोहे खाल्ले की नाही ते मला आठवत नाही, कारण मी बघितलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्यानं पानं दिली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या शनिवारी चहाच्या टेबलावरून पिवळे पॅड गेले होते आणि तिथे ग्रेपफ्रूटची टोपली आली होती. मी काही विचारलं नाही. स्वतःला सांगितलं, त्याला वेळ हवाय, उगीच टोचायला नको. महिना गेला, मग सहा महिने. आम्ही चालायचो, चहा प्यायचो, गुडघ्यांबद्दल आणि भारतातल्या निवडणुकांबद्दल बोलायचो. डॉन फेलिसियानोचं नाव दोघांपैकी कुणी काढायचं नाही. घरी सुनंदा मागे लागायची. "विलास, एकदा विचार ना त्याला. पुस्तकाचं काय झालं म्हणून."

"सांगायचं तेव्हा सांगेल तो."

"तो आपणहून सांगतो कधी काही? तीस वर्षांत एकदा तरी सांगितलंय? आणि तुला तरी काय गरज होती रे तेव्हा? आजोबा तिचे, गोष्ट तिची, ती बिचारी गेली. कुणाचं काय अडलं होतं?"

"खोटं होतं ते, सुनंदा."

"असू दे की," ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

खरं कारण मी तिलाही सांगितलं नाही. मला भीती वाटत होती. मी विचारलं आणि तो म्हणाला, 'विलास, तू मोडलंस ते, आता नाही होत माझ्यानं,' तर मी काय करणार होतो? चूक शोधायला मला येते. शोधून झाल्यावर समोरच्याचं काय होतं ते बघायचं काम कंपनीत कधी माझ्याकडे नव्हतं, ते दुसऱ्या विभागाकडे होतं. म्हणून मी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याला समजूतदारपणा असं नाव दिलं. दीड वर्ष.

त्याच्या शोकसभेत मी बोललो. फ्युनरल होममध्ये शंभरेक माणसं होती, अर्धी मंडळाची, अर्धी वहिनींच्या इस्पितळातली आणि चर्चमधली. दहा मिनिटं बोललो, इंग्रजीत आणि मधूनमधून मराठीत. माधव मीटिंगनंतर ईमेल करायचा ते सांगितलं, पांढऱ्या पोशाखात त्याला शोधताना एकदा मी दुसऱ्याच माणसाला मराठीत शिवी घातली होती ते सांगितलं. लोक हसले, रडले. मंडळाचे अध्यक्ष पाठीवर थाप मारून गेले. मग बाहेर व्हरांड्यात रीना माझ्याजवळ आली. पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "यू वर सो गुड, काका. डॅडनी ऐकायला पाहिजे होतं. ही कुडन्ट डू इट फॉर मॉम, यू नो."

मला कळेना. "म्हणजे काय? केलं होतं ना त्यानं भाषण. मला पाठवलं होतं. मी नागपूरला होतो तेव्हा. दोन पानं."

"ते त्यानं नंतर सगळ्यांना ईमेल केलं, काका. चर्चमध्ये तो उठलाच नाही." ती अर्धं इंग्रजीत, अर्धं तिच्या मोडक्या मराठीत सांगत होती. फादरनी त्याचं नाव घेतलं. सगळे वाट बघत राहिले. तिनं त्याचा हात धरला होता. कागद त्याच्या कोटाच्या खिशात होता. "दोन मिनिटं, मेबी तीन. मग फादरनी पुढचं प्रार्थनेचं गाणं सुरू केलं. ही जस्ट सॅट देअर. घरी आल्यावर त्यानं रात्रभर बसून ते टाइप केलं."

मला ती दोन पानं आठवली. 'आज इथे येऊन माझं ऐकून घेतल्याबद्दल मी तुमचा आभारी आहे,' अशी सुरुवात होती. नागपूरहून फोन करून मी त्याला म्हणालो होतो, "माधव, उत्तम बोललास रे. मला वाटलं नव्हतं तू बोलशील."  मग तो "हं" म्हणाला आणि आईची तब्येत विचारली. आणि त्यानंतर तीन वर्षांनी मी त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याच्या टेबलावर कागद पसरून, मोठ्या आवाजात त्याला सांगितलं होतं की तो बोललाच नाही, लेखी दिलंय... रीना काहीतरी विचारत होती, मला बरं वाटतंय का असं. मी हो म्हटलं. गाडीत जाऊन बसलो आणि एसीही लावायचं सुचलं नाही. शेवटी सुनंदानं येऊन दार उघडलं.

रीना घर विकतेय. तिच्या नोकरीमुळे तिला इथे राहणं शक्य नाही, आणि राहायचं तरी कुणासाठी. गेल्या रविवारी तिनं पुस्तकाची सगळी पानं एका खोक्यात भरून माझ्याकडे आणून दिली. "आय कान्ट रीड इट, काका. आणि टाकवत नाही. तुम्ही ठेवा." सव्वातीनशे पानं आहेत. जगात ती वाचू शकणारी आणि वाचायची इच्छा असणारी माणसं मोजायला एक हात पुरेल. खोकं दोन दिवस तसंच होतं. मग मी उघडलं, सगळे पॅड क्रमानं लावले, आणि तळाशी एक पातळ पॅड निघाला. तो मी कधी पाहिला नव्हता. वर पेन्सिलनं लिहिलं होतं, 'विलासला विचारायचं'.

आत प्रश्न होते, त्याच्या बारीक, सरळ अक्षरात, वेगवेगळ्या दिवशी लिहिलेले, कारण पेन्सिलीची टोकं वेगळी होती. त्या दिवशी डॉन सभागृहात हजर होता का, हजेरी कुठे मांडलेली असते? हजर असला तर कुठल्या रांगेत बसला होता, शेजारी कोण होतं? लिहिलेलं भाषण खिशात घेऊन आला होता का? हे कळणार नाही, पण विलासला विचारावं, त्याला काहीतरी सुचेल. दुसऱ्या सभासदानं त्याच्यासाठी परवानगी मागितली तेव्हा डॉननं त्याच्याकडे बघितलं असेल का? त्याला बोलायचं होतं आणि त्याच्यानं उठवलं नाही, की बोलायचंच नव्हतं? याखाली दोन रेघा मारल्या होत्या. घरी बायकोला त्यानं काय सांगितलं? टाळ्या पडल्या असं तो म्हणाला, की छापलेलं बघून तिनंच धरून घेतलं आणि मग त्याला नाही म्हणवलं नाही?

हे वाचत गेलो तसं एक गोष्ट हळूहळू माझ्या डोक्यात शिरायला लागली आणि ती शिरू नये असं मला वाटत होतं. तो थांबला नव्हता. पुस्तक मोडलं नव्हतं. उलट ते आता कुठे त्याचं स्वतःचं व्हायला लागलं होतं, आणि त्याला फक्त कुणीतरी समोर बसून बोलायला हवं होतं. शेवटच्या पानावर प्रश्न नव्हता. तिथे एवढंच लिहिलेलं होतं: 'हे प्रकरण आता आधीपेक्षा चांगलं होईल असं वाटतं. बसलेल्या माणसाबद्दल लिहायचं. पण विलास हल्ली पुस्तकाचा विषय काढत नाही. कंटाळला असावा. त्याचे फार शनिवार खाल्ले मी. त्यानं आपणहून विचारलं तर हे दाखवावं.'

दीड वर्ष, दर शनिवारी, मी त्याच्यासमोर बसून चहा पीत होतो.